डासांचे वैरी कुठे राहतात?

भाईंदरची खाडी ओलांडून लोकल नायगावकडे निघाली की कांदळवन आणि मिठागरे दिसू लागतात. पूर्वेला जूचंद्र, राजावळीच्या बाजूला भातखाचरांचे उरलेसुरले तुकडे आणि त्यांच्या पलीकडे तुंगारेश्वरचा डोंगर. पश्चिमेच्या किनारपट्टीवर वसईच्या वाड्या आणि त्या वाड्यांमधली बावखले. खारे पाणी, गोडे पाणी, चिखल, गवत आणि जंगल इतक्या जवळजवळ नांदत असल्यावर कीटकांची चंगळ होणारच. दिवेलागणीला खिडक्या लावून घेणाऱ्या नायगावकराला त्यांतल्या डासाची ओळख करून द्यायला नको. ज्यांची ओळख करून द्यायला हवी, ते आहेत या कीटकांवर जगणारे जीव.

सर्वांत सहज दिसतो तो विजेच्या तारेवर बसलेला हिरवागार वेडा राघू. बसल्या जागेवरून तो हवेत सूर मारतो, चोचीत मधमाशी किंवा चतुर धरतो आणि पुन्हा त्याच तारेवर येतो. भक्ष्य मधमाशी असेल तर लगेच गिळत नाही. आधी तिला तारेवर आपटतो, मग तिच्या पोटाचे टोक तारेवर घासून नांगी आणि विष काढून टाकतो आणि त्यानंतरच गिळतो. काळा कोतवालही असाच हवेत शिकार करतो. चरणाऱ्या गुरांच्या पायांखालून उडणारे नाकतोडे गायबगळा टिपतो. मिठागरांच्या उथळ पाण्यात लांब गुलाबी पायांचा शेकाट्या पाणकिडे वेचत फिरतो. अंधार पडला की छोटी वटवाघळे कामाला लागतात. आपल्याला ऐकू न येणाऱ्या ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून ती उडता कीटक अचूक गाठतात.

पण डासांचा खरा निकाल हवेत लागत नाही, पाण्यात लागतो, कारण डासाचे बालपण पाण्यात जाते. वसईकरांनी पिढ्यान् पिढ्या राखलेली बावखले इथे महत्त्वाची ठरतात. बावखल म्हणजे वाडीतले पावसाचे पाणी साठवणारे तळे. त्यातून केळीच्या, पानवेलीच्या आणि फुलांच्या बागांना पाणी मिळाले, आसपासच्या विहिरींना पाझर राहिला. त्याच पाण्यात डासांच्या शत्रूंचीही वस्ती झाली.

चतुराची मादी अंडी घालते ती अशाच पाण्यात. अंड्यातून निघणारे पिल्लू दिसायला मातकट आणि सुस्त असते, पण त्याचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली दुमडलेला असतो. टप्प्यात डासाची अळी आली की हा ओठ क्षणार्धात पुढे झेपावतो आणि टोकाच्या आकड्यांत तिला पकडतो. पंख फुटल्यावर हाच चतुर हवेत डास धरतो. वैर दोन्ही ठिकाणी सुरू राहते.

दिवाळीच्या सुमारास आकाशात पिवळसर चतुरांचे थवे दिसतात. पँटाला फ्लॅव्हेसेन्स या नावाने शास्त्रज्ञ त्यांना ओळखतात. हे चतुर भारतातून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेला जातात, अशी मांडणी चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये केली. जाऊन-येऊन चौदा ते अठरा हजार किलोमीटरचा हा प्रवास चार पिढ्यांत पुरा होत असावा, असा त्यांचा अंदाज आहे. आफ्रिकेला निघालेला अमूर ससाणा वाटेत याच चतुरांवर पोट भरतो.

पहिल्या जोरदार पावसात पिवळेजर्द होऊन ओरडणारे मोठे बेडूक आपल्या शेतातले नाकतोडे, भुंगेरे आणि खेकडे खातात. एके काळी त्यांचे पाय टनावारी परदेशी जात. शेतातून बेडूक नाहीसे होऊ लागले आणि किडींचा उपद्रव वाढण्याची चिंता पुढे आली. अखेर १९८७ मध्ये भारताने ही निर्यात बंद केली.

घराच्या भिंतीवर मातीचे इवले घर बांधणारी कुंभारीण माशी अनेकांच्या ओळखीची असेल. ती अळीला डंख मारून बधिर करते, मातीच्या घरात कोंडते आणि सोबत आपले अंडे ठेवून तोंड लिंपून टाकते. काही दिवसांनी आतून अळीऐवजी माशीच बाहेर पडते. अळी माशीचे ध्यान करून माशीच झाली, असे आपल्या पूर्वजांनी मानले आणि संतवाङ्मयातल्या भ्रमर-कीटक दृष्टान्ताने ती कल्पना घरोघरी पोहोचवली. भक्तीसाठी दृष्टान्त सुंदरच आहे. निसर्गात मात्र ती अळी हे पिल्लासाठी राखलेले ताजे अन्न असते.

वनस्पतीही यात मागे नाहीत. चार्ल्स डार्विन यांनी १८७५ मध्ये कीटकभक्षी वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. कोकणातल्या सड्यांवर आणि साताऱ्याच्या कास पठारावर पावसाळ्यात दवबिंदू ही वनस्पती उगवते. तिच्या पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब चमकतात. थेंबाला भुलून आलेला कीटक तिथेच चिकटतो, आसपासचे केस त्याच्यावर वाकतात आणि पाचकरस त्याला विरघळवतात. कासला निळ्या-जांभळ्या फुलांचे गालिचे घालणारी सीतेची आसवे त्याहून चपळ आहेत. त्यांच्या सापळ्याची पिशवी जेमतेम मिलिमीटरभर असते. पिशवीच्या दारावरच्या केसाला सूक्ष्म जीवाचा स्पर्श झाला की दार उघडते आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. याला एक मिलिसेकंदही लागत नाही. याच कुळातल्या, तळ्यांत तरंगणाऱ्या काही जाती डासांच्या कोवळ्या अळ्याही धरतात. सड्यावरच्या पातळ, निकस मातीत नत्र आणि स्फुरद फार कमी असते. ती उणीव या वनस्पती कीटकांतून भरून काढतात.

आता मुद्द्याची गोष्ट. अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास उबदार हवेत आठ-दहा दिवसांत उरकतो. त्याला टायरमधले, कुंडीखालच्या ताटलीतले किंवा बांधकामावर साचलेले पाणी पुरते. डेंगीचा डास तर अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याच्या वैऱ्यांचे तसे नाही. चतुराच्या पिल्लाला काही आठवडे, कित्येक जातींत काही महिने पाणी टिकावे लागते. अळ्या खाणाऱ्या देशी माशांना बारमाही तळे हवे, बेडकांना ओली खाचरे हवीत, वेड्या राघूला बीळ खणायला मातीचा मोकळा उतार हवा. म्हणून बावखल किंवा खाचर बुजवले की डास संपत नाहीत, डास खाणारे संपतात. नायगाव-वसईत गेल्या काही दशकांत भराव झपाट्याने वाढले आहेत आणि आपण नेमकी हीच चूक करत आहोत.

धूरफवारणी उडणाऱ्या डासांवर चालते, पाण्यातल्या अळ्यांना ती पोहोचत नाही. गप्पी मासे अळ्या खातात हे खरे, पण ते मूळचे दक्षिण अमेरिकेतले आहेत. बंदिस्त टाक्या-हौदांपुरते ते ठीक. बावखलात सोडले तर तिथल्या देशी माशांवर कुरघोडी करतात.

तेव्हा वाचकहो, आठवड्यातून एक दिवस घरातली, गच्चीवरची आणि सोसायटीच्या आवारातली पाणी साठलेली भांडी रिकामी करून कोरडी करा. जिवंत तळ्यात कीटकनाशक किंवा तेल ओतू देऊ नका. आणि तुमच्या वाडीतले, गावातले बावखल बुजवण्याचा प्रस्ताव आला, तर ग्रामस्थांनी एकजुटीने त्याला विरोध करावा. डासांशी लढणारी एवढी मोठी आणि फुकटची फौज पुन्हा उभी करणे कुठल्याही महापालिकेच्या आवाक्यातले नाही.