कॉम्प्युटर हळू झालाय? नवा घेण्याआधी हे तपासा

घरातला पाच-सात वर्षांचा कॉम्प्युटर सुरू व्हायला पाच मिनिटं घेतो. एखादी फाइल उघडायची म्हटली तर चहा करून यावा इतका वेळ लागतो. अशा वेळी आजूबाजूचे लोक दोनच सल्ले देतात: 'फॉरमॅट मार' किंवा 'नवा घे'. पहिल्यात मुलांचे लहानपणापासूनचे फोटो आणि घराची कागदपत्रं पुसली जायची भीती असते, दुसऱ्यात हजारो रुपये जातात. बऱ्याचदा या दोन्हींची गरज नसते.

कॉम्प्युटर हळू होणं हे तापासारखं लक्षण आहे. ताप कशामुळे आला हे पाहिल्याशिवाय औषध देत नाहीत, तसंच इथेही. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी डेटा सुरक्षित करा, मग कारण शोधा आणि शेवटी उपाय करा.

पहिलं काम: डेटाची दुसरी प्रत

हे काम सगळ्यात आधी करायचं, कारण कॉम्प्युटर मंदावण्याचं कारण मरणपंथाला लागलेली हार्ड डिस्कही असू शकतं. डिस्कचा एखादा भाग खराब झाला की ती तीच माहिती वाचायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि तेवढा वेळ सगळं अडून राहतं. आतून टक-टक असा आवाज येणं, एखादं फोल्डर उघडताना कॉम्प्युटर गोठणं, काल चालणारी फाइल आज 'करप्ट' दाखवणं ही धोक्याची चिन्हं आहेत.

डिस्कची तब्येत पाहण्यासाठी 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे मोफत सॉफ्टवेअर वापरता येतं. डिस्क स्वतःच्या चुकांची जी नोंद ठेवते, ती वाचून ते 'गुड', 'कॉशन' किंवा 'बॅड' असा शेरा देतं. 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसलं तर साफसफाई, स्कॅन वगैरे काही करत बसू नका. त्या प्रत्येक कामाने डिस्कवर ताण वाढतो. सगळ्यात महत्त्वाच्या फाइल्स आधी बाहेर काढा. मात्र 'गुड' शेरा म्हणजे डिस्क उद्याही चालेल याची हमी नव्हे.

प्रत कशी ठेवावी यासाठी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ हा नियम सोपा आहे. डेटाच्या ३ प्रती असाव्यात, त्या २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली १ घराबाहेर असावी. म्हणजे एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, एक एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर. गुगलच्या खात्यात १५ जीबी आणि मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्ये ५ जीबी जागा मोफत मिळते. सगळे व्हिडिओ त्यात मावणार नाहीत, पण कागदपत्रं आणि निवडक फोटो सहज मावतात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. कॉम्प्युटरशी सिंक असलेलं क्लाउड फोल्डर हा पूर्ण बॅकअप नव्हे. तुम्ही कॉम्प्युटरवरून फाइल उडवली की ती क्लाउडवरूनही उडते. काही दिवस ती तिथल्या कचरापेटीत राहते, नंतर कायमची जाते. म्हणून एक्स्टर्नल डिस्कवरची प्रत हवीच आणि प्रत घेऊन झाल्यावर ती डिस्क काढून ठेवायची.

शटडाउन नव्हे, रीस्टार्ट

'मी तर रोज कॉम्प्युटर बंद करतो' असं अनेकजण म्हणतात. पण विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तर शटडाउन करताना विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच परत उचलतं. त्यामुळे कॉम्प्युटर लवकर सुरू होतो, पण आतला गोंधळही तसाच पुढे येतो. रीस्टार्ट केल्यावर मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून काही अडलं तर आधी रीस्टार्ट करून पाहा.

दोषी कोण, ते टास्क मॅनेजर सांगतो

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने दिसतील. कॉम्प्युटर सुरू करून दहा मिनिटं थांबा, नेहमीचं काम सुरू करा आणि कोणता आकडा सतत वर राहतो ते पाहा.

- डिस्क सतत १०० टक्क्यांच्या आसपास असेल आणि आत जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क असेल, तर अडचण बहुधा तिथेच आहे.
- मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर असेल, तर रॅम कमी पडते आहे.
- सीपीयू सतत वर असेल, तर त्या रकान्याच्या नावावर क्लिक करा. सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्राम वर येईल. तो ओळखीचा नसेल तर विंडोजमधल्या डिफेंडरने पूर्ण स्कॅन करा.

त्याच टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' हा भाग आहे. कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप जागे होणारे प्रोग्राम तिथे दिसतात. मीटिंगची अ‍ॅप्स, गेम लाँचर, प्रिंटरचे मदतनीस हे सगळे लगेच लागत नाहीत. त्यांच्यावर राइट क्लिक करून 'डिसेबल' करा. प्रोग्राम काढला जात नाही, फक्त बोलावल्याशिवाय येत नाही. ज्याचं काम माहीत नाही, त्याला मात्र हात लावू नका.

सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज असं जाऊन 'टेम्पररी फाइल्स' पाहा. त्या यादीत 'डाउनलोड्स' असाही पर्याय असतो. आत काय आहे ते पाहिल्याशिवाय त्यावर टिक करू नका, कारण अनेकांची महत्त्वाची पीडीएफ तिथेच पडलेली असतात.

सगळ्यात गुणकारी बदल: एसएसडी

जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकड्या असतात आणि माहिती वाचणारं टोक सरकत सरकत योग्य जागी जातं. एका जागेवरून दुसरीकडे जायला त्याला साधारण १० मिलिसेकंद लागतात. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइल्स वाचाव्या लागतात. वाण्याच्या दुकानात एकाच माणसाने प्रत्येक जिन्नस माळ्यावर चढून आणावा, तसा हा प्रकार. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो, त्यामुळे तेच काम मिलिसेकंदाच्या छोट्याशा अंशात होतं.

म्हणूनच डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर अडकलेल्या कॉम्प्युटरला एसएसडी बसवली की तो ओळखू येत नाही इतका बदलतो. बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कच्या जागी २.५ इंची साटा एसएसडी बसते. सगळा डेटा आणि विंडोज जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवून घेता येतं, त्याला क्लोनिंग म्हणतात. काढलेली जुनी डिस्क दुकानातून परत मागून घ्या. तुमचा सगळा डेटा तिच्यावर तसाच असतो.

रॅम ४ जीबी असेल तर ८ जीबी केल्याने फरक जाणवतो. पण काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच जोडलेली असते, ती बदलता येत नाही. मॉडेलचं नाव पाहून आधी खात्री करा.

कॉम्प्युटर सुरुवातीला बरा चालतो आणि अर्ध्या तासाने मंदावतो, पंखा घोंघावतो, खालची बाजू चटका देते, असं असेल तर कारण उष्णता आहे. जास्त तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. पंख्यातली धूळ काढणं आणि लॅपटॉप गादीवर न ठेवणं, एवढ्यानेही फरक पडतो.

हे करू नका

'रजिस्ट्री क्लीनर' आणि 'पीसी बूस्टर' यांनी वेग वाढत नाही. काही वेळा बिघाडच होतो. दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवू नका, ते एकमेकांच्या आड येतात. एसएसडी जुन्या पद्धतीने डीफ्रॅग करू नका. तिची निगा विंडोज आपोआप राखतं. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असा संदेश पडद्यावर आला तर ती फसवणूक आहे, ब्राउझर बंद करा. पैसे गेलेच तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा.

अपडेटही टाळू नका. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर व्हायरसने जगभरातले कॉम्प्युटर कुलूपबंद केले आणि ब्रिटनमधल्या रुग्णालयांचं कामकाज विस्कळीत झालं. तो ज्या त्रुटीतून शिरला, ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिला होता.

मग नवा कधी घ्यायचा?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, शिवाय प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत असावा लागतो. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर त्यात येतात. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत अ‍ॅप तुमचा कॉम्प्युटर बसतो की नाही ते सांगतं. बसत असेल तर एसएसडीवर खर्च करणं शहाणपणाचं. बसत नसेल आणि त्यावर बँकेचे व्यवहार होत असतील, तर नव्याचा विचार करा. जुन्यावर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली टाकून तो मुलांच्या अभ्यासासाठी वापरता येतो.

दुरुस्तीला देण्याआधी एक शेवटची खबरदारी घ्या. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एनक्रिप्ट केलेली असते. मदरबोर्डवर काम झालं की तो ४८ अंकी 'बिटलॉकर रिकव्हरी की' मागू शकतो आणि ती नसेल तर डेटा उघडत नाही. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. दुकानात जाण्याआधी तिथून उतरवून कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद घरीच राहू द्या.

कॉम्प्युटर आज कसाही चालत असला, तरी महिन्यातून एक रविवार ठरवून टाका: एक्स्टर्नल डिस्क जोडा, नवे फोटो आणि कागदपत्रं उतरवा, अपडेट करा, रीस्टार्ट करा. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. बिघडलेला कॉम्प्युटर बाजारात पुन्हा मिळतो, त्यातले फोटो मिळत नाहीत.