जड अंगाचा स्वार आणि लाटेवरची फळी

पुण्यास समुद्र नाहीं. तरी पुण्याच्या मुलांस समुद्राचें वेड लागावयाचें राहत नाहीं. सुटी पडली कीं घाट उतरून गोव्यास, किंवा त्याहून दक्षिणेस कर्नाटकांतील मुल्कीस जावें, आणि लांबट फळीवर उभें राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे धांवण्याची विद्या चार दिवस शिकावी, असा परिपाठ अलीकडे तरुण मंडळींत पडूं लागला आहे. ह्या विद्येस सर्फिंग म्हणतात. कित्येक वडीलधाऱ्यांस हें खूळ वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. दिवसभर मोबाइलच्या पडद्यावर डोळे शिणविण्यापेक्षां खाऱ्या पाण्यांत अंग शिणविलेलें बरें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

परंतु ह्या विद्येच्या उंबरठ्यावरूनच कांहीं मुलें परत फिरतात, आणि त्यांचा कैवार घेण्यासाठींच आम्ही लेखणी उचलली आहे. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील चोवीस वर्षांचे चिरंजीव, उंचीनें सहा फूट आणि वजनानें १०० किलो, मोठ्या हौसेनें समुद्रावर गेले. हातीं फळी पडली ती साठ किलोच्या सडसडीत मुलास शोभणारी. पोटावर निजतांच तिचें टोक पाण्याखालीं जाई. गुडघा टेकतांच ती कलंडे. बरोबरीचीं मुलें हंसलीं. घरीं आल्यावर आजी म्हणाल्या, "अरे बाळा, जाड माणसानें असल्या फंदांत पडूंच नये." आजींचा हेतु मायेचाच, पण ज्यास लहानपणापासून पोहण्याची आवड, त्या मुलानें टिळक तलावावर जाणेंहि सोडलें. आमचें म्हणणें असें कीं, दोष मुलाच्या अंगाचा नव्हता. फळीच्या मापाचा होता.

आमच्या वाडवडिलांस हें पक्कें ठाऊक होतें. विहिरींत पोहावयास शिकवितांना मुलाच्या पाठीस वाळलेला भोपळा, रिकामा डबा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका बांधीत. किरकोळ मुलास एक भोपळा पुरे होई. अंगानें भरलेल्या मुलास दोन लागत. त्यास पाण्यास अपात्र ठरवीत नसत, भोपळा वाढवीत. दुसरीहि एक गोष्ट शिकविणारास कळत असे: भोपळा कमरेकडे सरकला, तर कंबर वर येते आणि तोंड पाण्यांत जातें. म्हणजे प्रश्न दोन. तरंगविणारी वस्तु किती घ्यावी, आणि ती कोठें असावी?

पांगाऱ्याचें नांव निघालेंच आहे, तर एक मौज सांगतों. सर्फिंगचें माहेर म्हणजे पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटें. तेथील सरदार मंडळींच्या लांब व जाड फळ्यांस 'ओलो' म्हणत, आणि त्यांसाठीं 'विलीविली' ह्या झाडाचें हलकें लाकूड पसंत करीत. हें झाड आणि आपला पांगारा हे वनस्पतिशास्त्राप्रमाणें सख्खे भाऊबंद. दोघेहि एरिथ्रिना ह्या एकाच वंशांतले! हवाईंतील पाकी नांवाचा थोर सरदार १८५५ सालीं वारला. त्याची उंची सहा फूट चार इंच आणि वजन तीनशें पौंड, म्हणजे सुमारें १३६ किलो, होतें असें सांगतात. त्याच्या पंधरा-सोळा फूट लांबीच्या फळ्या होनोलूलूच्या बिशप म्युझियममध्यें जतन केलेल्या आहेत. एवढ्या देहास घरीं बसविलें नाहीं. देहाजोगी फळी केली. पुढें टॉम ब्लेक नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें म्युझियममधील जुन्या फळ्यांची डागडुजी केली, आणि तसलीच लांब पण आंतून पोकळ फळी बनवून १९३२ सालीं तिचें पेटंट मिळविलें. पाण्यास फळीचा आकार हवा, भार नको, हें त्यानें ओळखलें. आज पोकळीच्या जागीं फोम आला आहे.

आतां 'किती' ह्याचा हिशेब पाहूं. आर्किमिडीजचा सिद्धांत शाळेंत सर्वांनींच घोकला आहे: बुडालेली वस्तु जेवढें पाणी बाजूस सारते, तेवढ्याच वजनाचा आधार तिला मिळतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. समुद्राचें किंचित् अधिक. म्हणून फळीचें माप फुटांत न विचारतां लिटरांत विचारावें. लांबी, रुंदी व जाडी ह्यांचा गुणाकार करून त्याचे तीन-पंचमांश घेतले कीं ढोबळ उत्तर मिळतें, कारण फळी टोकांकडे व कडांकडे निमुळती असते. सात फूट लांब, एकवीस इंच रुंद व अडीच इंच जाड फळी सुमारें ४३ लिटर भरते. साडेनऊ फूट, चोवीस इंच व साडेतीन इंच अशी घेतली, तर ती ९४ लिटरांवर जाते. निष्णात स्वार आपल्या वजनाच्या पस्तीस-चाळीस टक्के लिटरांवरहि काम भागवितो, कारण वेग आला कीं पाणीच फळीस उचलून धरतें. नवशिक्यास मात्र जितके किलो, जवळजवळ तितके लिटर असावेत. आमच्या चिरंजीवांस ४३ लिटरांवर चढविणें म्हणजे कालिदासानें रघुवंशाच्या आरंभीं सांगितलेला, लहानशा उडुपानें सागर तरण्याचा प्रकार होय.

'कोठें' हा प्रश्न अधिक नाजूक आहे, आणि कारागिराची खरी परीक्षा तेथेंच. सर्व बाजूंनीं सारखी फुगविलेली फळी तरंगते खरी, पण वळत नाहीं. तिचें होडगें होतें. जाडीचा भर मध्यापासून किंचित् पुढें, छातीखालीं ठेवावा, आणि तेथून कडांकडे ती हळूहळू उतरवावी. वळतांना कड पाण्यांत रुतावी लागते. जड स्वाराजवळ ती रुतविण्याचें वजन असतेंच, म्हणून कड थोडी भरदार चालेल. बोथट ठोकळा मात्र नको.

रुंदीचें फळ विलक्षण आहे. डुलण्यास होणारा विरोध रुंदीच्या घनाप्रमाणें वाढतो. लांबी तीच ठेवून एकविसाचे चोवीस इंच केले, तर तो जवळजवळ दीडपट होतो. उंच माणसाचा गुरुत्वमध्य वर असतो, त्यास ही दीडपट फार मोलाची. शेपटाकडेहि फळी जरा रुंद ठेवावी, म्हणजे मागचा पाय खचत नाहीं. पण अति रुंद शेपूट वेगाच्या लाटेंत स्वाराचें ऐकत नाहीं. खालच्या बाजूचा वाक मध्यभागीं अल्प असावा, नाहींतर जड स्वार पाणी ढकलीतच बसेल. पुढच्या दीड-दोन फुटांत मात्र टोक नीट वर उचललेलें पाहिजे. लाटेच्या उतारावर तेंच प्रथम पाण्यांत घुसतें.

राहतां राहिला टिकाऊपणा. फोमच्या मधोमध उभी लाकडी पट्टी असते. तिचा लवण्यास होणारा विरोध जाडीच्या घनानें वाढतो, म्हणून जाड फळीस हा लाभ आपोआपच मिळतो. रंधा, कानस व काचकागद ह्यांनीं आकार आला कीं वर फायबरग्लासचें कापड रेझिननें चिकटवितात. जड स्वारासाठीं चौरस वारास सहा औंसांचें कापड वरच्या अंगास दुहेरी, आणि पाय पडतात तेथें आणखी एक थर द्यावा; नाहींतर टांचांचे खळगे पडतात. पॉलिस्टायरीनचा फोम हलका, म्हणून मोठ्या फळीस सोयीचा. पण त्यास इपॉक्सी रेझिनच लागतें, कारण पॉलिएस्टर रेझिननें तो विरघळतो. शिवाय त्यास भेग पडली कीं तो पाणी पितो. तेव्हां भेग ताबडतोब बुजवावी. खालचे पंखहि मोठे घ्यावेत. लहान पंखांवर जड स्वाराची फळी मागून घसरते.

पालकांस दोन सूचना. शिकतांना भाड्याचीच मऊ पृष्ठाची फळी घ्यावी, पण ती नऊ फुटांवरचीच मागावी, आणि पावसाळ्यांतील उधाणलेल्या समुद्रांत नवख्यास उतरूं देऊं नये. पुढें स्वतःची फळी करवून घेतांना कारागिरास वजन खरें सांगावें. लग्नाच्या स्थळास उंची वाढवून आणि वजन घटवून सांगण्याची आपल्यांतील संवय येथें नडते. दहा किलो चोरले, तर नवशिक्याच्या फळींतून जवळजवळ दहा लिटर जातात. आणि हो, साडेनऊ फुटांची फळी पुण्यांतील बहुतेक इमारतींच्या लिफ्टमध्यें उभी मावत नाहीं. मागणी देण्यापूर्वीं जिन्याचें वळण मोजून पाहावें.