खटका पडला म्हणजे प्रवाह तुटला?

आपल्या पारनेर, नगरच्या शिवारात आता सौर पंप दिसतात. पॅनेलची वीज डीसी. तिथं घरातला एसी एमसीबी बसवला तर? तर्कशास्त्रात आम्ही शिकवायचो, व्याप्ती तपासून घ्या. 'खटका पडला की प्रवाह तुटतो' ही व्याप्ती एसीपुरती खरी. एसी सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, तेव्हा ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. ठिणगी जळत राहते, डबी वितळते, आगही लागते. म्हणून डीसी एमसीबीत चुंबक ठिणगीला पत्र्यांच्या जाळीत ढकलून विझवतो. काहींत धन-ऋण ठरलेलं असतं. उलटं जोडलं तर ठिणगी भलतीकडे जाते. तेव्हा घेताना नुसते अँपिअर बघू नका, डीसी व्होल्टही वाचा. दहा पॅनेल ओळीनं जोडले की चारशे व्होल्ट सहज होतात!