दगडाखालचे शेजारी

कोळी म्हटला की जाळे आठवते. आपल्या वसतिगृहामागील पडीक जमिनीवर मात्र असेही कोळी राहतात, जे भक्ष्यासाठी जाळे विणतच नाहीत. एखादा सपाट दगड हलकेच उचलावा, तर रेशमी पिशवीत अंग चोरून बसलेला करडा वा काळपट जीव क्षणभर दिसतो आणि पाचोळ्यात नाहीसा होतो. हे नॅफोसिडी कुलातील भूचर कोळी होत. जगात त्यांच्या २,००० हून अधिक जाती आहेत. भारतातील जातींचे सविस्तर वर्णन डॉ. बी. के. टिकादर यांनी १९८२ साली ‘फॉना ऑफ इंडिया’ या ग्रंथमालेत केले. नॅफोसा पूनाएन्सिस या जातीच्या नावात तर आपले पुणेच आहे.

पोटाच्या टोकाशी असलेल्या, सूत सोडणाऱ्या पुढच्या दोन नळ्या एकमेकींपासून दूर असतात. हीच त्यांची मुख्य ओळख. बहुतेक जाती रात्री पायी फिरून शिकार करतात. भक्ष्य धोकादायक असेल, विशेषतः दुसरा कोळीच असेल, तर त्याच्याभोवती वेगाने धावत चिकट सूत सोडून त्याचे पाय जखडून टाकतात. जाळे नाही, परंतु सुताचा उपयोग सुटलेला नाही! मायकेरिया प्रजातीतील कोळी मात्र दिवसा वावरतात आणि मुंग्यांसारखे दिसतात.

आठ डोळ्यांपैकी मागील ओळीतील मधले दोन चपटे व चकचकीत असतात. ड्रॅसोडिस क्युप्रिअस या युरोपातील जातीवरील संशोधन १९९९ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार या डोळ्यांना स्पष्ट प्रतिमा दिसत नाही. संध्याकाळच्या आकाशातील प्रकाशकंपनांची दिशा मात्र कळते, आणि तिच्या आधारे कोळी आपल्या पिशवीकडे परततो. घराचा पत्ता आभाळात वाचणारा हा प्राणी आम्हांस फार थोर वाटतो.

अनेक जातींची मादी दगडाखाली अंड्यांची पिशवी राखत बसते. दगड उलटा टाकून दिला, की ऊन, वारा आणि मुंग्या यांच्यापुढे ती उघडी पडते. म्हणून पाहून झाल्यावर दगड होता त्याच बाजूने, हलकेच ठेवावा.

मागे श्रमदानात आम्हीच त्या कोपऱ्यातील सारे दगड उचलून कुंपणाशी रचले. जागा स्वच्छ झाल्याचे समाधान होते. खाली कोणी राहत असेल, हे मनात आले नाही. तो ढीग आम्ही आता हलवत नाही. यंदा त्याच्या तळाशी दोन रेशमी पिशव्या दिसल्या.