आधी फूल, मग पान

मे महिना सरत आला आणि वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या, की पनवेलच्या बाजारात कातकरी आणि ठाकर बायका शेवळांच्या जुड्या मांडून बसतात. शेजारी आंबट, हिरव्या काकडांचे वाटे. माहीतगार गिऱ्हाईक शेवळांच्या भावावरून फारशी घासाघीस करत नाही. वर चार काकडं जास्त पडली म्हणजे झालं. प्रबळगडाच्या अंगाच्या रानातली ही भाजी, मोजके दिवस मिळणारी.

ही भाजी पाला नाही, कोंब नाही, शेंगही नाही. जुडीतलं एक शेवळ सोलून पाहा. वरचं तपकिरी-जांभळं आवरण म्हणजे महाछद, रूप बदललेलं पानच ते. आत एक दांडा. त्याच्या तळाशी दाटीनं बसलेले बारीक दाणे ही मादीफुलं. त्यांच्यावर पिवळसर पट्टा, तो नरफुलांचा. त्याही वर गुळगुळीत, निमुळतं टोक, ज्यात एकही फळणारं फूल नाही. म्हणजे आपण ज्याला एक फूल समजतो तो अख्खा फुलोरा असतो. भाजी निवडताना आतला पिवळा भाग काढून टाकतात, म्हणजे नरफुलं कचऱ्यात जातात. उरलेल्यातही कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतातच. जीभ आणि घसा खाजतो तो त्यांच्यामुळे, आणि त्यावरचा उतारा म्हणून काकडांचा आंबट रस. काकड विसरून शेवळं शिजवणाऱ्यानं वर्षभर घरच्यांचे टोमणे ऐकायची तयारी ठेवावी.

ते टोक मात्र बिनकामाचं नाही. सुरण आणि शेवळ ज्या कुळातले, त्यातल्या बऱ्याच वनस्पतींचं हे टोक फुलायच्या वेळी तापतं आणि कुजकट वास हवेत सोडतं. वासानं भुलून माश्या-भुंगेरे येतात. आधी मादीफुलं तयार होतात, पराग नंतर सुटतो, त्यामुळे आपलेच पराग आपल्यावर पडण्याचा धोका टळतो. याच प्रजातीतला सुमात्राचा टायटन आरम माणसापेक्षा उंच फुलोरा काढतो आणि त्याच्या दर्शनाला वनस्पती उद्यानांत रांगा लागतात. आपल्याकडे त्याचा भाऊबंद जुडीनं विकला जातो.

शाळेत आपण शिकलो, की खोड पानं उन्हात धरतं आणि पाणी वर नेतं, पान अन्न करतं, फूल बी करतं. आंब्याकडे पाहिलं तर ही खाती एकाच वेळी चालू दिसतात. शेवळ ती पाळीपाळीनं चालवतं. फुलोरा येतो तेव्हा पान नसतं. तो साठवणीवर जगतो. पाऊस लागल्यावर जमिनीतून एकच पान उगवतं, छत्रीसारखं फुटलेलं. खालचा ठिपकेदार दांडा खोड वाटतो, पण तो देठ आहे. खरं खोड जमिनीखाली आहे, कंदाच्या रूपात. वर दिसतं ते पान आणि फूल, तेही निरनिराळ्या वेळी.

यात हिशेब आहे. भर उन्हाळ्यात कोकणातल्या रानात जमीन कोरडी असते. तेव्हा मोठं पान उघडलं, तर पाणी बाष्प होऊन उडून जाईल. फुलोऱ्याला तेवढं पाणी लागत नाही, आणि बी तयार होईतो जमीन ओली झालेली असते. मग पावसाळाभर ते एकुलतं पान अन्न करतं आणि ते सगळं खाली जातं. पावसाळा सरला की पान पिवळं पडून आडवं होतं, आणि पुढचा उन्हाळा येईतो जमिनीवर शेवळाचा मागमूस नसतो. लहान कंद तर सुरुवातीची काही वर्षं नुसतं पानच काढतो. पुरेशी पुंजी जमेपर्यंत फुलोऱ्याचा खर्च त्याला झेपत नाही.

फुलोरा खुडला तर त्या वर्षीचं बी जातं, पण कंद शाबूत असला की पावसात पान येऊ शकतं. डोंगरउतारावर प्लॉट पाडायला जेसीबी फिरला, तर मात्र मातीबरोबर कंदही जातो.