पाच व्होल्टची खरी परीक्षा

१९७९ साली अटारी कंपनीने कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमधून ‘ॲस्टेरॉइड्स’ हा गेम बाजारात आणला आणि त्याची सत्तर हजारांच्या आसपास कॅबिनेट विकली गेली. त्यांतले एखादे आज दुरुस्तीला आले की सगळ्यांची नजर आधी पडद्याकडे आणि गेम बोर्डाकडे वळते. खाली तळाशी बसवलेल्या जड ट्रान्सफॉर्मरच्या ठोकळ्याला आणि त्याच्या जोडीच्या रेग्युलेटर बोर्डाला फार तर मल्टिमीटरची टोके लावली जातात. पाच व्होल्ट दिसले की ‘सप्लाय ठीक आहे’ असा निकाल देऊन माणूस पुढे सरकतो. हा निकाल बहुतेक वेळा अपुऱ्या पुराव्यावर दिलेला असतो. सप्लायची तब्येत त्याच्यावर लोड टाकल्याशिवाय कळतच नाही. म्हणूनच हे जुने गेम जपायचे असतील, तर चाचणीसाठी मुद्दाम बांधलेला हार्नेस हेच कारागिराचे पहिले अवजार असले पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

लोड नसताना मीटर जे दाखवतो ते खोटे नसते, पण त्याला फारसा अर्थ नसतो. अटारीच्या ठोकळ्यात एक मोठा निळा कपॅसिटर असतो. अमेरिकेतले दुरुस्तीवाले त्याला ‘बिग ब्लू’ म्हणतात. डायोडमधून आलेली उड्या मारणारी वीज सपाट करणे हे त्याचे काम. तो २५,००० मायक्रोफॅरडचा धरला आणि ५ ॲम्पिअर वीज ओढली, तर अमेरिकेच्या ६० हर्ट्झच्या पुरवठ्यावर सुमारे पावणेदोन व्होल्टचा रिपल, म्हणजे चढउतार, उरतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कपॅसिटर सुकून त्याची क्षमता निम्म्यावर आली, की रिपल दुप्पट होतो. मग लाटेचा खालचा भाग इतका खाली येतो की रेग्युलेटरला पाच व्होल्ट धरून ठेवायला पुरेशी उंची राहत नाही. परंतु लोडच नसेल तर वीज ओढली जात नाही, रिपल उठत नाही आणि सुकलेला कपॅसिटरही नव्यासारखाच दिसतो. काळवंडलेल्या पिनांचेही तेच. पिनेच्या जोडात ०.१ ओहमचा अडथळा असेल, तर मीटरच्या क्षीण प्रवाहाला तो जाणवतही नाही. ५ ॲम्पिअरला मात्र तिथेच अर्धा व्होल्ट गळतो आणि अडीच वॅट उष्णता त्या एवढ्याशा जागेत साठते.

अटारीच्या रेग्युलेटर बोर्डाचा हार्नेस बांधणे तसे सोपे आहे, पण प्रत्येक तुकड्यामागे कारण हवे. एका टोकाला रेग्युलेटर बोर्डाच्या ३.९६ मिमी अंतराच्या पिनांवर बसेल असा नवा कनेक्टर, दुसऱ्या टोकाला हीटसिंकवर स्क्रूने आवळलेला १ ओहम, ५० वॅटचा ॲल्युमिनियमच्या आवरणाचा रेझिस्टर. पाच व्होल्टला तो ५ ॲम्पिअर ओढतो आणि २५ वॅट तापतो. म्हणजे पन्नास वॅटचा घेणे ही उधळपट्टी नाही. खरी मेख आहे सेन्सच्या दोन तारांत. अटारीच्या रचनेत रेग्युलेटर स्वतःच्या दाराशी व्होल्टेज मोजत नाही. गेम बोर्डावर जाऊन परत आलेल्या दोन बारीक तारांवरून तो तिथले व्होल्टेज ओळखतो आणि वाटेत जेवढे गळले तेवढे वाढवून देतो. त्यामुळे हार्नेसमध्ये या तारा थेट रेझिस्टरच्या दोन टोकांना जोडाव्या लागतात आणि मीटरच्या तारा तिथेच, पण वेगळ्या. आता बोर्डाजवळचे व्होल्टेज आणि लोडजवळचे व्होल्टेज यांतला फरक पाहिला की वाटेतला अडथळा आकड्यात हाती येतो. जुना कनेक्टर लावल्यावर तो फरक वाढला, तर दोष कुठे आहे ते वेगळे सांगायला नको. आपल्याकडचे इलेक्ट्रिशियन वापरतात तो बल्बचा सिरीज बोर्ड मुख्य पुरवठ्यावर सुरुवातीला जरूर लावावा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि बाकीचे वाचते. पूर्ण लोडची चाचणी मात्र बल्ब काढूनच करायची.

सेन्सच्या याच हुशारीत धोकाही आहे. गेम बोर्डाच्या पिना खराब झाल्या की रेग्युलेटर इमानाने व्होल्टेज वाढवत राहतो, पिना आणखी तापतात, आणखी काळ्या पडतात. यावर उपाय म्हणून पुष्कळ जण अटारीच्या एआर-२ या रेग्युलेटर बोर्डावरचे सेन्सचे दोन रेझिस्टर काढून तिथे साध्या तारा टाकतात. वाढ थांबते हे खरे. पण आजारी जोड तसाच राहतो आणि त्याची खूण पुसली जाते. आधी हार्नेसवर मोजून मग असा बदल करणे आणि न मोजता करणे, यांत फार अंतर आहे.

एवढा खटाटोप कशाला, गेमलाच जोडून पाहावे, असे कोणी म्हणेल. गेम बोर्ड हा लोड आहेच, पण तो बळी द्यायचा लोड नव्हे. ७४ मालिकेच्या चिपांना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात आणि ७ व्होल्ट ही त्यांची शेवटची मर्यादा. ‘टेम्पेस्ट’ या गेममध्ये अटारीच्या दोन ‘पोकी’ चिपा आहेत. अटारीने त्या बनवणे कधीच थांबवले आहे. विल्यम्स कंपनीच्या १९८१च्या ‘डिफेंडर’मधल्या ४११६ मेमरी चिपांना +५, +१२ आणि −५ अशी तीन व्होल्टेज लागतात, त्यांत −५ आधी यावे आणि शेवटी जावे लागते. ते एकटे गळाले तर मेमरी जळू शकते. म्हणून अशा सप्लायच्या हार्नेसमध्ये प्रत्येक व्होल्टेजवर स्वतंत्र लोड हवा आणि −५च्या लोडला विसरून चालणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जुने काढून स्वस्त स्विचिंग सप्लाय बसवून मोकळे व्हावे. दुकान चालवणाऱ्याला ते परवडते आणि मी त्याला दोष देणार नाही. पण अटारीच्या रेग्युलेटर बोर्डावरच आवाजाचे ॲम्प्लिफायरही आहेत, त्यामुळे तो सहजी उचलून फेकता येत नाही. शिवाय नवा सप्लायही लोडखाली किती व्होल्ट धरतो हे पाहावे लागतेच. आणि रॉचेस्टरच्या ‘द स्ट्राँग’सारख्या संग्रहालयांत किंवा न्यू हॅम्पशायरमधल्या फनस्पॉट इथल्या आर्केड संग्रहात कॅबिनेट ठेवले जाते ते त्या काळचे यंत्र म्हणून. त्यात त्याची वीजही आली.

रेझिस्टर म्हणजे गेम नव्हे, हा आक्षेप मात्र मान्य केला पाहिजे. गेम क्षणाक्षणाला कमी-जास्त वीज ओढतो, रेझिस्टर एकसारखी. हार्नेसवर पास झालेला सप्लाय कॅबिनेटमध्ये रुसणारच नाही, अशी हमी देता येत नाही. तरीही बहुतेक म्हाताऱ्या भागांचे दुखणे स्थिर लोडवरही बाहेर येते, फक्त वेळ द्यावा लागतो. दहा व्होल्टचे पाच करताना ५ ॲम्पिअरला २एन३०५५ ट्रान्झिस्टर पंचवीसेक वॅट उष्णता सोडतो. हीटसिंकचा लेप सुकला असेल तर दोष पाचव्या मिनिटाला दिसत नाही, अर्ध्या तासाने दिसतो. तेव्हा थंड असताना आणि तापल्यावर असे दोनदा मोजावे, ऑसिलोस्कोपवर रिपल पाहावा आणि आकडे चिठ्ठीवर लिहून ती कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावी. नुसते ‘५.०२’ लिहू नये. किती ॲम्पिअरला, किती वेळाने आणि तारेच्या कोणत्या टोकाला मोजले, हेही लिहावे, म्हणजे दहा वर्षांनी ते कॅबिनेट उघडणाऱ्याला आपल्या मोजमापाशी ताडून पाहता येईल.