आठवड्यात गोरं व्हायचंय? आधी अंगठी काढा!

मैत्रिणीच्या लग्नाला पंधरा दिवस उरलेत आणि पार्लरवाली ताई ड्रॉवरमधून बिनालेबलची डबी काढते. ‘लावून तर बघ, आठवड्यात फरक!’ फरक पडतोही, हीच तर खरी गोची आहे. (मुलांनो, हसू नका. अशा डब्या तुमच्या सलूनमध्येही असतात.)

अशा काही क्रीम्समध्ये चक्क पारा असतो. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन बनवायला जे एन्झाइम लागतं, त्याचंच काम तो अडवतो. म्हणून चेहरा उजळतो. पण पारा चेहऱ्यावर थोडाच थांबतो? त्वचेतून तो रक्तात जातो आणि पुढे किडनीत साठतो.

केरळमध्ये कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या किडनीच्या आजाराचे २२ पेशंट तपासले. त्यातल्या १५ जणांना या आजाराचा एक विशिष्ट प्रकार होता आणि त्यांपैकी १३ जण फेअरनेस क्रीम लावत होते! लघवीला फेस, पायांवर सूज, अशी याची लक्षणं. बरं एवढंच, की क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा आजार आटोक्यात आला.

म्हणून डबीवरची बारीक अक्षरं वाचाच. कॅलोमेल, मर्क्युरिक आयोडाइड, अमोनिएटेड मर्क्युरी ही सगळी पाऱ्याचीच नावं. ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना दिसली तरी डबी परत ठेवा; पारा सोन्याला धरतो. आणि डबीवर लेबलच नसेल, तर गोड हसून म्हणा, ‘ताई, आज फक्त आयब्रोज!’